गुरुवारचं बटण

तिला तो पहिल्यांदा दिसला तो फक्त मनगटापुरता.

वृद्धाश्रमाची लिफ्ट पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधे अडकून बसली होती. चार वाजायला पाच मिनिटं होती, आणि सगळ्यांना खाली बोलावणारी पितळी घंटा हातात धरून ती जिन्याने वर निघाली होती. तेवढ्यात लिफ्टच्या दाराच्या वीतभर फटीतून एक हात बाहेर आला. बोटं ग्रीसने काळी, कफ उघडा, आणि कफावर बटणाच्या जागी नुसता दोरा लोंबत होता.

"कोण आहे? जरा दहाचा पाना देता का? पायरीवर ठेवलाय."

पायरीवर सहा पाने होते. त्यातल्या त्यात गरीब दिसणारा एक तिने दिला. हात आत गेला आणि लगेच परत आला.

"हा चौदाचा."

दुसरा दिला. तोही परत आला. मग तिने सगळेच्या सगळे त्या हातावर ठेवले आणि म्हणाली, "तुमच्या घरचे आहेत, तुम्हीच ओळखा."

आत कुणीतरी हसलं. पत्र्याच्या पेटीतून यावं तसं, घुमणारं हसू... ती वर पोचली तरी ते जिन्यातून तिच्या मागेमागे येत राहिलं.

दहा मिनिटांनी लिफ्ट खाली आली आणि त्या हाताला माणूस जोडला गेला. उंच, किडकिडीत, कपाळावर ग्रीसचं बोट उमटलेलं. तिने त्याच्या चेहऱ्याकडे न बघता कफाकडे बघितलं. निदान तशी स्वतःची समजूत तरी घातली.

"बटण?"

"पत्र्यात अडकून तुटलं. चालायचंच."

"चालायचं कसं? नशीब काढलंत, आज गुरुवार आहे."

आता गुरुवारचं सांगायला हवं. तिला इथे नोकरी लागली तेव्हा नेमणुकीच्या कागदावर तिचं काम एका ओळीत लिहिलं होतं : रहिवाशांना गुंतवून ठेवणे. ते वाचून तिला हसावं की रडावं कळेना. माणसं म्हणजे काय लोकर आहे, गुंतवून ठेवायला? तशी बाहेरची माणसं यायची, नाही असं नाही. गाणी म्हणायची, फळं वाटायची, फोटो काढायची आणि जायची. म्हातारी माणसं टाळ्या वाजवायची, आपापलं फळ घेऊन खोलीत जाऊन बसायची. त्यांच्याकडून कुणाला काही हवंच नव्हतं. वर्षभर हे पाहिल्यावर तिने दिवाणखान्याच्या खिडकीशी एक टेबल मांडलं आणि फाटकावर पाटी लावली – गुरुवारी चार ते सहा, फाटकं-तुटकं दुरुस्त करून मिळेल.

टेबल सगळ्यांसाठी होतं, पण तिच्या मनात ते एकीसाठीच होतं. शिलाईआजी. चाळीस वर्षं नाटकांचे कपडे शिवलेला हात. नवरा गेला, घर गेलं, आणि इथे आल्यापासून दोन महिने त्या खुर्ची भिंतीकडे करून बसल्या होत्या. कुणी काही विचारलं तर म्हणायच्या, बघण्यासारखं काय राहिलंय. टेबल मांडलं त्या गुरुवारी मात्र त्या खाली आल्या, सुई मागितली, आणि भिंगही न मागता ओवली. तेव्हापासून निदान आठवड्यातून एक दिवस ती खुर्ची भिंतीकडून फिरायची.

लिफ्टवाल्याला आजींनी शर्टही काढू दिला नाही. हात लांब कर म्हणाल्या, आणि मनगटावरच बटण लावलं. खालून दोऱ्याचे चार वेढे घट्ट दिले, दोरा दातांनी तोडला आणि त्याच्याकडे मान वर करून बघितलं.

"आता शर्ट फाटेल, पण हे जायचं नाही."

तिथेच दाराशी स्टुलावर पंचकाका बसत. सारा जन्म क्रिकेटच्या मैदानावर पंचगिरी केलेली, त्यामुळे येणाऱ्याजाणाऱ्याची वही त्यांच्या ताब्यात होती आणि तिच्यात खाडाखोड चालत नसे. 'कोणाला भेटायचं' या रकान्यात त्याने 'लिफ्टला' असं लिहिलेलं पाहून काकांनी हरकत घेतली. लिफ्ट ही काही व्यक्ती नव्हे. तो म्हणाला, काका, तिच्याइतके नखरे कुठली व्यक्ती करत नाही. काकांनी तात्पुरती मंजुरी दिली.

लिफ्टची तपासणी महिन्यातून एकदा व्हायची. पण पुढच्या गुरुवारी तो पुन्हा हजर – दोरखंडाला तेल घालायचं राहिलं होतं म्हणे. आणि छातीवरचं एक बटण नव्हतं. त्याच्या पुढच्या गुरुवारी दार जरा कुरकुरतंय असं त्याला आदल्या रात्री आठवलं होतं, आणि खिशाचं बटण गेलं होतं. लिफ्टचे इतके लाड तिच्या आयुष्यात कधी झाले नव्हते. दोन मजले चढायची उतरायची साधी लिफ्ट, पण आता ती अशी अलगद थांबायची, जसं झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं.

काम झालं की तो टेबलाशी बसायचा, आजींना दोरा कापून द्यायचा, आणि घंटा वाजवून परत येणाऱ्या तिच्याकडे बघून न बघितल्यासारखं करायचा. तीही तेच करायची. दोघांना ते सारखंच वाईट जमत होतं.

एकदा तिने त्याला विचारलं, की इथे ऐंशी वर्षांचे पंचकाकासुद्धा मला ताई म्हणतात, तुम्हीच कसे काही म्हणत नाही? नुसतं 'अहो' आणि 'ऐका ना' वर काम चालवता.

"सगळं म्हणेन," तो पाना पुसत म्हणाला. "ताई नाही म्हणणार."

"का?"

"उगाच... पुढे अडचण नको."

त्या दिवशी चारची घंटा तिने साडेतीनलाच वाजवली, आणि सगळे कुरकुरत खाली आल्यावर तिच्या लक्षात आलं.

त्याच आठवड्यात, फाटकाशी भुरभुर पावसात उभं राहून, तिने त्याला मनातली भीती सांगितली होती. बाहेरची माणसं कमी होत चालली होती. पाटी लावल्यावर चार दिवस नवल असतं, मग लोकांना नवीन शर्ट घेणं सोपं वाटतं. एखाद्या गुरुवारी टेबलावर काहीच आलं नाही तर आजी पुन्हा खाली येणार नाहीत. "त्यांचं मला माहिती आहे," ती म्हणाली. "एकदा ती खुर्ची परत भिंतीकडे फिरली की फिरली." तो ऐकत राहिला. छत्री तिच्या डोक्यावर, स्वतः अर्धा भिजलेला.

तो यायला लागल्यापासूनच्या पाचव्या गुरुवारी त्याच्या शर्टाची दोन बटणं नव्हती. आजींनी शर्टाची बटणपट्टी जवळ ओढली. मग चष्मा लावला. मग, कधी नव्हे ते, भिंग मागितलं. बराच वेळ त्या दोऱ्याची टोकं न्याहाळत राहिल्या, आणि मग सुई हळूच दोऱ्याच्या रिळात टोचून ठेवली.

"बटण तुटलं की दोरा पिंजतो," त्या म्हणाल्या. आवाज अजिबात चढला नव्हता. "हा कापलाय. मागच्या वेळीही मला वाटलं होतं, पण म्हटलं, डोळे म्हातारे झाले असतील. माझे डोळे ठीक आहेत रे बाबा."

त्यांनी बोटात घातलेलं शिवणाचं टोपण काढलं, टेबलावर ठेवलं आणि उठल्या. लिफ्ट खालीच उभी होती, दार उघडं होतं. लिफ्टकडे ढुंकूनही न बघता आजी जिन्याने वर गेल्या. कठडा धरत, प्रत्येक पायरीवर थांबत, दोन मजले. पाठीमागे कुणी आलेलं त्यांना चाललं नाही.

तिने त्याला व्हरांड्यात गाठलं. रागाने तिचा आवाज बारीक झाला होता. लोक यांना फळं देतात तेव्हा निदान फळ म्हणून देतात, तुम्ही भीक काम म्हणून दिलीत, असं काहीतरी ती बोलून गेली.

तो खाली बघत होता. "तुम्हीच म्हणाला होतात, एक गुरुवार रिकामा गेला तर... म्हटलं, मी आहे तोवर जाणार नाही." मग म्हणाला, "आणि तेवढंच कारण होतं असंही नाही."

दुसऱ्या कुठल्याही दिवशी या वाक्यावर ती रात्रभर जागी राहिली असती. त्या दिवशी म्हणाली, "तुमची लिफ्ट ठीक आहे. महिन्यातून एकदा आलात तरी चालेल."

पेटी उचलून तो गेला. कपाटासारख्या त्या शर्टाचं दार उघडंच राहिलं होतं, दोन बटणांवाचून.

पुढच्या गुरुवारी घंटा झाल्यावरही आजी आल्या नाहीत. ती वर गेली. खुर्ची भिंतीकडे होती. तिने पलंगाच्या कडेवर बसून माफी मागितली, लिफ्टवाल्याच्या वतीनेही थोडी, पण त्याला नावं ठेवतच.

"त्याच्यावर कसली चिडतेस?" आजी भिंतीला म्हणाल्या. "टेबल मांडलंस त्या पहिल्या गुरुवारी तू पिशवी आणलीस. शिवण उसवली म्हणालीस. उसवलेली शिवण वाकडी जाते पोरी, तुझी सरळ गेली होती. ब्लेडने."

तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. खरंच होतं. पहिल्या गुरुवारी कुणीच आलं नव्हतं, आणि आजी तर खाली येऊन बसल्या होत्या. स्वच्छतागृहात जाऊन तिने स्वतःची चांगली पिशवी कापली होती.

"मग... तेव्हा काही बोलला नाहीत?"

"तेव्हा मला कसलंही काम चाललं असतं." आजींनी मान थोडीशी वळवली, खुर्ची नाही. "आता चालत नाही. तूच लावलीस ही सवय."

तो गुरुवार रिकामा गेला. त्याच्या पुढचाही. पंचकाका वही उघडून कोऱ्या पानावर हात ठेवून बसायचे. लिफ्ट मजल्याच्या चार बोटं खाली थांबायला लागली. तिने त्याच्या कंपनीचा नंबर तीनदा फिरवला आणि तीनदा रिंग जायच्या आत ठेवला. काय सांगणार होती? की मीही कापलं होतं, आणि तुम्हाला मात्र घालवून दिलं?

तिसऱ्या गुरुवारी पाऊस होता. ती टेबल आवरायला घेणार, तोच दाराशी एक बाई आली. हातात छत्री, एका काडीवरून कापड निघालेलं. पाठोपाठ एक शिक्षिका, बगलेत वर्गाचा फाटका पडदा. मग दप्तर घेऊन एक बाप. मग आणखी तिघंचौघं. पंचकाकांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि पेन झटकलं.

"पाटी बघून आलात?" तिने विचारलं.

"कुठली पाटी? आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये कागद लावलाय."

"आमच्याही," शिक्षिका म्हणाली. "शाळेच्या लिफ्टमध्ये. वर जाईस्तोवर दुसरं करायचं काय, वाचलं."

छत्रीवाल्या बाईने कागदाचा फोटो काढून आणला होता. सरळ, मोठं अक्षर, एका कोपऱ्यात ग्रीसचं बोट. *गुरुवारी चार वाजता. फाटलेलं, उसवलेलं, तुटलेलं घेऊन या. चाळीस वर्षांचा हात आहे. मुद्दाम कापलेलं आणू नका, लगेच ओळखतात.* खाली पत्ता.

तो ज्या-ज्या इमारतींच्या लिफ्ट बघायचा, त्या चाळीसएक तरी असतील. तिने नजर फोटोवरून काढली, ते दप्तर जवळजवळ हिसकावूनच घेतलं आणि जिन्याने वर पळाली.

आजींनी भिंग लावलं. दप्तराच्या पट्ट्याशी धागे पिंजून गेले होते, कुठल्यातरी पोराने महिनोन्‌महिने एकाच खांद्यावर ओढलं होतं. त्या धाग्यांवरून त्यांनी अंगठा फिरवला, एकदा, दोनदा.

"हं," त्या म्हणाल्या. "हे खरं फाटलंय." मग खुर्ची मागे सरली. "खाली किती जण आहेत?"

"आठ. मला आवरत नाहीयेत आजी."

"मग घंटा वाजवायची नाही का? उशीर केलास." आणि टोपणासाठी हात पुढे केला. तीन आठवडे ते तिच्या खिशातच होतं.

सहा वाजत आले तरी रांग संपली नव्हती. शेवटी तो आला. ओला, छत्री नसलेला. शर्टाची सगळी बटणं जागेवर, दोन वेगळ्याच रंगाची, वाकडीतिकडी, स्वतः लावलेली. दाराशीच थांबला. आजींनी त्याच्याकडे चष्म्यावरून बघितलं, त्या दोन बटणांकडे बघितलं, आणि तोंड वाकडं केलं.

"तुझं काय तुटलंय?"

"काही नाही आजी. आज काहीच नाही तुटलेलं." त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं. या वेळी न बघितल्यासारखं केलं नाही. "तरी आलो."

पंचकाकांनी वही पुढे सरकवली. त्याने तारीख लिहिली, वेळ लिहिली, आणि तिसऱ्या रकान्यावर पेन थांबलं.

"लिफ्ट आता चालणार नाही," काका म्हणाले. "व्यक्तीच हवी."

तो पेन धरून उभा. कानापर्यंत लाल. ती टेबलाच्या पलीकडून उठली, छत्रीवाल्या बाईला वळसा घालून त्याच्या शेजारी आली. तिची पिशवी तिच्या खांद्यावर होती, सरळ शिवणीची.

"ही मीही कापली होती," ती हळूच म्हणाली. "ब्लेडने. तुमच्या आधी."

"तुम्ही?"

"बोलले तुम्हाला नको नको ते. चुकलंच माझं..."

"मग आता," त्याने वहीकडे बोट केलं. "इथे काय लिहू?"

तिने त्याच्या हातातलं पेन घेतलं. 'कोणाला भेटायचं' या रकान्यात, जागा पुरेल एवढ्या लहान अक्षरात, पण अगदी स्पष्ट लिहिलं – मला.

पंचकाकांनी वही फिरवून वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. मग चष्मा काढून पुसला, आणि पन्नास वर्षांच्या सवयीने एक बोट वर केलं.

"झालं असेल तर दोरा कापायला कुणीतरी इकडे या," आजी टेबलावरून म्हणाल्या, मान वर न करता. "आणि तू रे, तो शर्ट काढून ठेव. असली बटणं लावून माझ्या डोळ्यांसमोर बसायचं नाही."