पाण्याबरोबर आलेली

पटणं न पटणं तुमच्यावर. पण यातली उर्वी माझी सख्खी मावसबहीण आहे, आणि उगाच काही रचून सांगणाऱ्यातली ती नाही.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. रत्नागिरीजवळची एक लहान खासगी जेट्टी. भर दुपार, लख्ख ऊन.

उर्वी समुद्री जीवांची तज्ज्ञ. रिकामं जहाज तोल राखायला पोटातल्या टाक्यांत समुद्राचं पाणी भरून घेतं आणि जिथे माल भरायचा तिथे ते सोडून देतं. त्यातून परके जीव येतात, इथे रुजतात, इथल्यांना संपवतात. म्हणून पाणी शुद्ध करूनच सोडायचं, असा नियम आहे. एका कंपनीने त्यातून सूट मागितली होती. त्यांचं म्हणणं, आमचं जहाज दोनच बंदरांत ये-जा करतं, पाणी दोन्हीकडे सारखंच, मग खर्च कशाला?

सूट दिली तर धोका किती, ते उर्वीने तपासायचं होतं. ठरवणारे वरच्या ऑफिसात बसले होते.

जहाजावर तिला गुरुप्रसाद भेटला. तिथला अधिकारी, मूळचा सावर्ड्याचा. आपल्याकडचं माणूस भेटलं म्हणून खूश होऊन बडबडत होता. पण एका टाकीचं झाकण उघडायची वेळ आली, तसा झाकणावर हात ठेवून अडला.

"मॅडम, दुसऱ्या टाकीतलं पाणी घेतलं तर नाही चालणार?"

"का? हिच्यात काय आहे?"

"पाणीच आहे," तो म्हणाला आणि मागे सरकला.

उर्वीने दोरीला बांधलेली बाटली आत सोडली. खाली काळोख, कुबट वास... आणि दोरी हलकेच ओढली गेली.

मासा हिसका देतो तशी नाही. कुणीतरी हातात धरून पाहावं, तशी.

ती वाकली. कान दिला.

आत एक बाई बोलत होती.

भाषा कळेना. पण शेवटी सूर वर चढायचा... काहीतरी विचारत असल्यासारखा. पुन्हा तेच. पुन्हा तेच.

"अहो, आत माणूस आहे!"

"नाही मॅडम." गुरुप्रसादने घाम पुसला. "पलीकडच्या बंदरात माणसांनी भरलेली होडी बुडाली. सगळी मिळाली नाहीत. आम्ही तिथेच उभे होतो... टाक्या भरत."

उर्वी धावत कप्तानाकडे गेली. हे पाणी सोडू नका, म्हणून विनवलं. त्याने शांतपणे या खेपेपुरती तात्पुरती परवानगी दाखवली. मग तिने आपल्या साहेबांना, राजाभाऊंना, फोन लावला.

"खारटपणा जुळतो ना? तापमान? मग आवाज आला म्हणून जहाज अडवू का मी? कारण काय सांगू, तूच सांग."

ती तशीच कठड्याकडे धावली.

पंप सुरू झाला. जहाजाच्या कुशीतून पाणी धो धो समुद्रात पडू लागलं. उर्वी कठडा धरून नुसती बघत राहिली. त्या गदारोळातही बाईचा सूर ऐकू येत होता...

मग एकदम थांबला.

पाणी मात्र पडतच होतं.

टाकी रिकामी झाल्यावर तिने आत टॉर्च मारला. भिंतीवर गाळाने माखलेल्या हातांचे ठसे होते. तळापासून वर, थेट टाकीच्या तोंडापर्यंत.

अहवालात उर्वीने धोका मोठा आहे असं लिहिलं. पुरावा नाही म्हणून ते वाक्य काढलं गेलं. कंपनीला पाच वर्षांची सूट मिळाली.

पुढच्या महिन्यात ती मालनकाकीकडे गेली. काकी ओहोटीला जेट्टीजवळच्या खडकांवरून कालवं काढते, उर्वी तिच्याकडून नमुने न्यायची. काकी गुडघाभर पाण्यात पाठमोरी उभी होती. टोपली कोरडीच. कुणाशी तरी बोलत होती.

समोर कुणीच नव्हतं. लाटा सगळीकडे फुटत होत्या... काकीच्या पुढ्यातली तेवढी जागा सोडून.

"काकी, कोणाशी बोलतेस?"

"आलीस गो बाय? ही बग ना, कदीपासून एकच इचारतेय. पयलं कळत नव्हतं. आता कळतं."

"काय... काय विचारते?"

"म्हनते, बाकीची कदी येनार?"

उर्वीने तिला हाताला धरून ओढत घरी आणलं. काकी हसत हसत आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. मुलाने दाराला कडी लावून पाहिली. काकी रात्रंदिवस दारावर धक्के देत राहिली, शेवटी त्यानेच कडी काढली. उर्वीने राजाभाऊंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि दुसरं काम दिलं.

काल तिचा फोन आला.

"जहाज आलंय रे परत."

"आणि काकी?"



"काकी आता एकटी नाही. आळीतल्या सगळ्या बायका उभ्या आहेत पाण्यात. जेट्टीकडे तोंड करून. हाका मारून दमले मी, एकही वळून बघत नाही..."

फोनमध्ये मागून पाणी पडल्याचा आवाज येत होता.

तू कुठे उभी आहेस, हे तिला विचारायचं माझं धाडस झालं नाही.