कडीआधीची हाक

मुरबाडच्या त्या शाळेचं नाव चांगलं लांबलचक आहे, पण अख्खा तालुका तिला नुसतं 'मोठी शाळा' म्हणतो. नव्वद वर्षं झाली तिला. बोर्डात आलेल्यांच्या नावांचा फळा, कलेक्टर झालेल्याचा फोटो, स्वातंत्र्याच्या साली आणलेली पितळी घंटा... मिरवायला काय कमी! एक रीत मात्र तिथं कुणी मिरवत नाही. मेच्या सुट्टीआधी खोल्या बंद करताना शिपायानं दारात उभं राहून तीनदा हाक मारायची, "कोन राह्यलंय का आत?" ओ आली नाही, तरच कडी लावायची.

ही रीत पडली मंगळ्यामुळं. डोंगरातल्या पाड्यावरचं पोर, बोर्डिंगात राहायचं. सत्तर वर्षांपूर्वी निकालाच्या दिवशी नकाशांच्या खोलीत त्याला झोप लागली आणि कुणीतरी कडी लावून गेलं. बोर्डिंगवाल्यांना वाटलं, पोर घरी गेलं. घरच्यांना वाटलं, बोर्डिंगात आहे. दार उघडलं ते जूनमध्ये. पुढचं मी सांगत नाही.

शाळेची शिपाईबाई हौसा एकतीस वर्षं ती हाक मारत आली होती. नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, मूलबाळ नाही. ना मागं कोणी, ना पुढं. मे संपला की ती निवृत्त होणार होती आणि तिला घोर होता तो एकच, उद्यापासून आपल्याला विचारणार कोण? शाळेत निदान "हौसाबाई, पाणी आणा" तरी कानावर पडायचं.

शेजारच्या ताराबाईनं विचारलं, "सुट्टीत काय करशील गो?" तर ही मानापायी बोलून गेली, "भैनीकडं जातंय, खर्डीला. म्हैनाभर."

"मंग मी बी निघते बाय वाशिंदला, लेकीकडं," म्हणत ताराबाई निर्धास्त निघून गेली.

बहीण हिराबाईचा फोन आला, तर तिला हौसानं सांगितलं, "शालंत सत्कार हायेत माजं. मला नाय सवड." दोन्ही थापा! एकटं असण्याचीसुद्धा लाज वाटते हो माणसाला.

एक मेला झेंडावंदन झालं, निकाल वाटले, पोरं पांगली. नवे मुख्याध्यापक कॅमेरे बसवून खूश होते. म्हणाले, "हौसाबाई, ते ओरडणं यंदा नको. मोबाईलवर सगळी शाळा दिसते मला."

"सर, रीत हाय ती आपली..."

"स्मरणिकेत सगळ्या परंपरा घेतल्यात मी. ही कुठं आहे त्यात?"

नव्हतीच. मंगळ्याचं नावही नव्हतं. हौसाला फार वाईट वाटलं. निदान त्या एका खोलीत तरी हाक मारू, म्हणून ती कुणाला न सांगता नकाशांच्या खोलीकडं गेली. आत तापलेल्या कापडी नकाशांचा कुबट वास होता. खिडकी उघडी राहिलेली. ती लावायला हौसा आत शिरली आणि मागं दार ओढलं गेलं. खट्!

क्लार्क मनोजला कल्याणची एसटी गाठायची होती. आत डोकावतो कोण?

"मनोजभाऊ! अवो, मी हाय आत!"

चपलांचा आवाज लांब गेला. मग फाटक वाजलं. हौसाचा मोबाईल ऑफिसातल्या पिशवीत. खिडकीला गज, पलीकडं ओसाड माळ. तळहात सुजेपर्यंत तिनं दार बडवलं आणि मग एकदम तिच्या लक्षात आलं. ताराबाईला वाटणार, ती खर्डीला आहे. हिराबाईला वाटणार, मुरबाडला आहे. असंच तर झालं होतं मंगळ्याचं.

ऊन उतरलं, तेव्हा बाहेरून आवाज आला. कोवळा, पोराचा.

"कोन राह्यलंय का आत...?"

हौसा दारापाशी सरकली. परत हाक आली.

"मी... मी हाय. हौसा..."

फरशीवरून काहीतरी जड खरडत आलं. कडी निघाली. बाहेर कुणी नव्हतं. कडीच्या बरोबर खाली आठवीतलं एक बाक ओढून आणलेलं होतं. मोठ्या माणसाचा हात त्या कडीला सहज पोचतो.

पळून जायचं सोडून ती बाकाजवळ उभी राहिली. तिला रडू फुटलं. म्हणाली, "मंगळ्या, तूच ना रे? चल बाबा, माज्या घरी चल. मला तरी कोन हाय..."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तिच्या घराबाहेर हाक आली, "कोन राह्यलंय का आत...?"

आधी धडकी भरली. मग, खोटं कशाला बोला, बरं वाटायला लागलं. कुणीतरी विचारतंय! ती चुलीपासूनच ओरडायची, "हाय रे बाबा, हाय!" आणि दोन घास जास्त जेवायची.

नवव्या दिवशी तिला ताप भरला. घसा पार बसला, अंथरुणातून उठवेना. मोबाईल अजून शाळेच्या बंद ऑफिसातच होता. दिवेलागण झाली तशी हाक आली. हौसानं तोंड उघडलं, नुसती हवा. दुसरी हाक आली. उशाशी तांब्या होता, तो वाजवायला तिनं हात लांबवला. पोचला नाही.

"कोन राह्यलंय का आत...?"

तिसरी. तिच्यासारखीच, शेवटचा शब्द लांबवून. त्या पोराचा काय दोष? एकतीस वर्षं तिनंच शिकवलं होतं त्याला, ओ आली नाही की काय करायचं ते.

अंगणातून काहीतरी जड खरडत दारापाशी आलं.

पंधरा जूनला शाळा उघडली. आठवीच्या वर्गात एक बाक कमी होतं. कुठं गेलं, म्हणून कुणी विचारलं नाही.