ईश्वरी मोहितेची उणीव

कीर्तिदालनात आता टाळ्यांना काही किंमत उरली नव्हती. तिथे वजाबाकी चालायची.

पूर्वी एखाद्या खेळाडूला दालनात घ्यायचं की नाही, यावर वर्षानुवर्षं भांडणं व्हायची. कुणी चषक पुढे करायचं, कुणी आठवणी काढायचं, आणि ज्यांचा आवाज मोठा त्यांचा खेळाडू आत जायचा. मग वजायंत्र आलं. हे यंत्र जुन्या सामन्यांची चित्रणं बघायचं. प्रत्येकीची चाल, दम, घाबरल्यावर मागे सरायची सवय, सगळं शिकून घ्यायचं आणि तोच सामना पुन्हा खेळवायचं. फक्त जिचा निर्णय करायचा तिला वजा करून, तिच्या जागी चारचौघींसारखी एक खेळाडू उभी करून. असं हजारो वेळा केलं, की ती नसती तर संघाचं किती बिघडलं असतं ते कळायचं. शास्त्रज्ञांनी त्या बिघाडाला घरातलंच नाव दिलं होतं, उणीव. आमटीत मीठ नसलं की जिभेला जी कळते, तीच. उणीव मोठी निघाली, की नाव दालनाच्या भिंतीवर कोरलं जायचं.

पाटणच्या ईश्वरी मोहितेची उणीव काढायची ठरली, तेव्हा अख्खा तालुका सभागृहात लोटला.

कारण तो हात. पाटणच्या कबड्डी संघाची जुनी शिस्त होती: समोरच्या चढाईवालीचा स्पर्श झाला, तर पंचांनी पाहिलेलं असो वा नसो, आपणहून हात वर करायचा आणि मैदान सोडायचं. राज्याच्या अंतिम सामन्यात, गुण बरोबरीत असताना, शेवटच्या चढाईत समोरच्या मुलीचं बोट ईश्वरीच्या घोट्याला लागलं. वाऱ्यानं गवत हलावं इतकंच. कुणीच पाहिलं नव्हतं. ईश्वरीनं हात वर केला आणि पाटण एका गुणानं हरलं. त्यानंतर तालुक्यातल्या मुली फुगडी घालताना म्हणू लागल्या,

ईशूबाईनं हात केला वर,
चषक निघाला दुसरीच्या घर!

ईश्वरीची सत्तरी आली, पण गाणं काही म्हातारं झालं नाही.

"त्या एका हातासाठीच तिला आत घ्या," एक मास्तर उठून म्हणाले. "असा खरेपणा आता कुठं बघायला मिळतो?"

"खरेपणाचं वेगळं दालन बांधा की मग!" मागून कुणीतरी ओरडलं. "हे जिंकणाऱ्यांचं आहे."

सभागृह हसलं. पहिल्या रांगेत श्रावणी शेलार मात्र हसली नाही. त्या संघाची ती कप्तान, डाव्या कोपऱ्याची वाघीण. दुखावलेल्या गुडघ्याला पट्टी बांधून ती तो सामना खेळली होती, आणि शाळांमधून अजून मुलांना ते सांगितलं जायचं. तिचं नाव यंत्र येण्याआधीच दालनात गेलं होतं. त्या हातानंतर ती ईश्वरीशी एक शब्द बोलली नव्हती.

यंत्र चालवायला डॉ. नक्षत्रा कुलथे होती, नातीच्या वयाची. आकडा बघून तिचा चेहरा उतरला.

"आजी, तुमची उणीव... जवळजवळ नाहीच. तुम्ही असलात-नसलात तरी संघ तितकेच सामने जिंकला असता."

मास्तर मटकन खाली बसले. ईश्वरी मात्र खुर्चीत पुढे सरकली.

"ते भिंतीचं राहू दे, पोरी. मी त्यासाठी आलेच नाही. त्या शेवटच्या चढाईत माझा हात खाली ठेवता येईल का तुझ्या यंत्राला?"

"येईल की."

"मग ठेव."

पडद्यावर तरणी ईश्वरी उभी राहिली. बोट लागलं. हात खालीच राहिला. बरोबरी झाली, जादा डाव सुरू झाला, आणि पाटण हरलं. यंत्रानं पुन्हा खेळवलं, पुन्हा हरलं. पडद्याच्या कोपऱ्यात पराभव आभाळातल्या बगळ्यांसारखे एकामागून एक उमटत गेले.

"हात वर केला नसता, तरी हरलोच असतो?" ईश्वरीनं विचारलं.

"हो आजी. क्वचित एखादी वेळ सोडली, तर हरलाच असता."

ईश्वरीनं डोळे मिटले. उन्हाळ्यात डोक्यावरची घागर उतरवून बाई ओट्यावर टेकते, तशी ती मागे टेकली.

"पण का?" हा आवाज श्रावणीचा. "हात वर नाही, मग का हरतो आपण?"

नक्षत्रानं पडद्याकडे बोट केलं. प्रत्येक वेळी समोरची चढाईवाली डाव्या कोपऱ्याकडेच वळत होती, तिथूनच निसटत होती. तिथे एक पट्टी बांधलेला गुडघा वेळेवर वाकत नव्हता.

"डॉक्टर, मला वजा कर," श्रावणी म्हणाली. "राखीव पोरगी उभी कर माझ्या जागी. ती मनाली घाडगे बसली होती बाहेर."

"श्रावणे, नको गं," ईश्वरी म्हणाली. कितीतरी वर्षांनी त्या दोघींमधलं हे पहिलं बोलणं. "खेळून संपलं ते. घरी जाऊ चल."

"तुला तुझं कळलं ना? मग मला माझं कळू दे."

नक्षत्रानं दोघींकडे पाहिलं आणि बटण दाबलं.

पाटण जिंकलं. पुन्हा जिंकलं. पडद्यावर पोरी एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या. वर केलेल्या हाताची वेळच येत नव्हती.

श्रावणीनं पदर तोंडाला लावला. ईश्वरी उठली, तिच्याजवळ जाऊन बसली, तिचा हात हातात घेतला. "ईशे," श्रावणी हुंदक्यातून म्हणाली, "इतकी वर्षं मी तुला..."

"असू दे गं. असू दे."

मैत्रिणीसाठी आपणही रडावं, असं ईश्वरीला फार वाटत होतं. तिनं खूप प्रयत्न केला. पण छातीतून श्वास इतका हलका, इतका मोकळा वर येत होता, की तिला रडूच येईना. शेजारी श्रावणीचे खांदे गदगदत होते, आणि ईश्वरी तोंड दुसरीकडे वळवून, कुणाला दिसू नये म्हणून, हसू आवरत बसली होती.