साखर कुणाच्या दंडावर?

चांदीचे घुंगरू झाळ देऊन जोडण्यात भरमू आण्णा चौगुल्यांचा हात धरणारा हुपरीत कुणी नव्हता. मोहरीएवढ्या घुंगरांची ओळ जुळवायची म्हणजे नजर पक्की हवी. पण हल्ली झाळ भलतीकडेच लागायला लागली, तसे आण्णा घाबरले आणि मुकाट्यानं डॉक्टर तेजस्विनी मगदूम यांच्या डोळ्यांच्या दवाखान्यात आले.

"आण्णा, हनुवटी टेका इथं. हलू नका."

कॅमेरा लखकन चमकला. एरवी हा फोटो या दवाखान्यातच पडून राहायचा. आता मात्र 'नेत्रसेतू' ही संगणकाची यंत्रणा सुरू झाली होती. कोल्हापूरच्या मोठ्या इस्पितळातले रक्ताचे अहवाल आणि गावोगावचे डोळ्यांचे फोटो एकाच फायलीत यायचे, आणि सेतू ते एकमेकांशी ताडून बघायचा.

पडद्यावर अक्षरं उमटली : 'हा डोळा आणि हे रक्त एकाच माणसाचं वाटत नाही.'

डॉक्टरांनी भुवया उंचावल्या. "आण्णा, तुमच्या दंडावरची साखरपट्टी वर्षभर इस्पितळाला कळवतीय की साखर एकदम झकास. म्हणून त्यांनी तुमच्या गोळ्या निम्म्यावर आणल्या. आणि डोळ्यात आत बघावं तर रक्ताचे ठिपके! पट्टी दाखवा बघू."

आण्णांनी बाही वर केली, तर दंड कोरा करकरीत.

"त्याचं काय झालं डॉक्टर, पुतण्याच्या लग्नात मी जिलबी खाल्ली. पट्टीनं चहाडी केली, इस्पितळाचा घरी फोन, आणि आमच्या बायकोनं, पद्मावतीनं, भर पंगतीत माझ्यापुढचं ताट उचललं! मग म्हटलं, ही ब्याद नको. आमची थोरली अक्का एकवेळ जेवती, दिवस मावळला की पाण्याचा थेंब घेत नाही. तिच्या दंडाला लावली."

"आणि त्यांनी लावून घेतली?"

"गुडघेदुखीची पट्टी म्हणून सांगितलं. दर पंधरवड्याला नवी मागून घेती. गुडघा दुखायचा राहिला म्हणती!"

डॉक्टर डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. मग खुर्ची पुढे ओढून त्या म्हणाल्या, "लेसर करू. लवकरात लवकरची वेळ मिळवते, आहे ती नजर वाचवता येईल. पण साखर अशीच राहिली, तर लेसर तरी काय करणार? मग घुंगरू नुसते ऐकायचे."

घुंगराशिवाय आण्णांना दुसरं काही येतच नव्हतं. "मग हे आधी का नाही कळलं कुणाला?"

"रक्त तिकडं, डोळा इकडं. गाठ घालणार कोण?"

पडद्यावर आता प्रश्न आला होता : 'घरी कळवू का?' खाली 'हो' आणि 'नाही'.

"हे तुम्हीच ठरवायचं," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्या परवानगीशिवाय सेतू घरी एक अक्षर सांगणार नाही."

'नाही' म्हटलं की सुटका होती. जिलबी शाबूत, पद्मावतीच्या तोंडाचा पट्टाही चुकला. आण्णांनी बोट पुढे केलं, पण दोन्ही अक्षरं एकमेकांत मिसळून गेलेली. कुठलं 'हो' नि कुठलं 'नाही', तेच कळेना. घाबरून त्यांनी बोट मागं घेतलं.

"डॉक्टर, 'हो' कुठाय? तेवढं दाखवा."

बटण दाबतात न दाबतात तोच खिशातला फोन वाजला. आण्णांनी तो कानापासून वीतभर लांब धरला. आता भडिमार होणार! पण पलीकडून पद्मावतीचा आवाज आला, अगदी बारीक.

"अहो, दिसतंय नव्हं तुम्हाला?"