बंद पडलेल्या देशाचा पासपोर्ट

"पुढे काय झालं?" मेधाने तिसऱ्यांदा विचारलं.

राजपुत्राने बेडकीचं कातडं जाळलं, तिथेच वेराआंटीची गोष्ट अडकली होती.

बहरीनच्या जुफैर भागातल्या त्या बिल्डिंगमधली मुलं सुट्टीभर वेराआंटीच्या रशियन गोष्टी ऐकत. त्यांत राजा टॅक्सी चालवी, चेटकीण बँकेत लागे. दोन वर्षांपूर्वी आंटीचा अख्खा देशच नावासकट बदलला होता, मग गोष्टींनी तरी जुनं का राहावं? बेडकीसुद्धा राणी होत नसे. नकाशे काढायची नोकरी धरून ती आंटीसारखीच बहरीनला येई.

"राजपुत्र बिचारा मदतच करत होता," आंटी मोडक्या हिंदीत म्हणाली आणि डोळे पुसत आत गेली.

"बेडकीसाठी कुणी एवढं रडतं?" शेजारचा खिजर म्हणाला. "हिचं स्वतःचं काहीतरी जळलंय."

मेधा उठून घरी धावली. आंटीचं विमान उद्या सकाळी होतं. दोन वर्षांनी लेक भेटणार होती. आणि तिचा पासपोर्ट व्हिसाच्या कामासाठी मेधाच्या बाबांकडे, म्हणजे दत्तप्रसादांकडे होता.

बाबा पेपर वाचत होते. मेधाने पासपोर्टचं विचारलं.

"तो लाल? त्यावरचा देश बंद झालाय, मेधा. काम झाल्यावर मी तो जुन्या कागदांत टाकला. सकाळी त्या विचारत होत्या. म्हटलं, इंशाल्ला बघू."

"देश बदलला," दारातून आंटीचा आवाज आला. "पुठ्ठा अजून तोच चालतो. त्याच्याशिवाय मला विमानात घेणार नाहीत."

बाबांनी पेपर खाली ठेवला. "रद्दी काल मुख्तारभाईंच्या दुकानात गेली. पुड्या बांधायला."

मुख्तार हे खिजरचे चाचा. दुकान ईसा टाउनला. बाबांनी सगळ्यांना गाडीत घातलं.

"एका पासपोर्टात शेंगदाणे किती मावतील?" खिजरने हळूच विचारलं.

"गप्प बस," मेधा म्हणाली.

दुकानात दोघा मुलांनी रद्दीचं पोतं उपसलं. वर्तमानपत्रं, वह्या, बाबांचीच जुनी पत्रं. लाल काही नाही. आंटी पायरीवर बसली.

"लाल पुठ्ठा ना?" चाचा म्हणाले. "त्याची पुडी मफी, झालीच नाही. वळतच नव्हता."

"मग टाकला?" मेधाचा आवाज चिरकला.

"टाकतोय कशाला? मजबूत माल."

त्यांनी टोमॅटोंच्या टेबलाकडे बोट दाखवलं. एक पाय आखूड होता. त्याखाली एक अख्खा देश दबून बसला होता.

खिजरने टेबल उचललं, मेधाने पासपोर्ट ओढला. आंटीने तो घेऊन उघडला, आतला फोटो शाबूत होता. टेबल मात्र कललं आणि टोमॅटो रस्त्यावर धावले.

"शाबास, पोरांनो," चाचा म्हणाले. "दत्तप्रसादभाई, तुम्हीपण... गाडी चांगली चालवता."

सगळे वाकून टोमॅटो वेचू लागले. आंटीसुद्धा, दोन्ही हातांनी.

"द्या, पासपोर्ट मी धरतो," बाबांनी हात पुढे केला.

आंटीने नुसती मान हलवली. पासपोर्ट तिने दातांत धरला होता.