घाटावर पोचल्यावर सांगेन

पासाऊच्या पुलाखाली माझ्या सायकलची चेन पडली. मी तिला शिव्या घालत बसले होते, तेवढ्यात मागून आवाज आला.

"तिला काय बोलताय? शेवटचं तेल कधी दिलं होतं?"

उंच, उन्हानं नाक सोललेला. चेन बसवताना त्याचा हात माझ्या हाताला लागला... भर जुलैत गारठलेला.

"नदीत बुडवून आलोय," तो हसला. "निघताना नदीचा निरोप घेतलेला बरा."

तोही डॅन्यूबच्या काठानं खालीच निघाला होता, थेट व्हिएन्नाला. मी वाखाऊच्या खोऱ्यापर्यंत, माझ्या गावी. मग काय, जोडीनंच निघालो. त्यानं नाव विचारलं, तर मला आगाऊपणा सुचला.

"आत्ता नाही. आमच्या घाटावर पोचल्यावर सांगेन. तूही तेव्हाच सांग."

"तोवर हाक कशी मारू?"

"घंटी वाजव."

वाजवायचाही मेला, उठसूट. मला ते फार आवडायचं. पण संध्याकाळ झाली की तो पाण्याकडे बघत बसायचा.

"मागून कुणीतरी घंटी वाजवतंय... तुला नाही ऐकू येत?"

मला काहीच ऐकू यायचं नाही. अंगावर काटा यायचा आणि तरी मी त्याच्याच जवळ सरकायचे. प्रेमात पडलेल्या माणसाची अक्कल ती केवढी.

शेवटच्या सकाळी आमच्या घाटापर्यंत पैज लागली. तो दक्षिणेच्या काठानं, मी उत्तरेच्या. हरेल त्यानं जर्दाळू भरलेले गोळे खाऊ घालायचे. मी आधी पोचले आणि नदीवर धुकं उतरलं, पलीकडचा काठ दिसेना.

आमच्या घाटावर आलोईसमामाची होडी आहे. नदीवर आडव्या ताणलेल्या तारेला बांधलेली, पाण्याच्या जोरावर आवाज न करता जाते-येते. पलीकडच्यानं घंटा वाजवून बोलवायचं.

घंटा वाजली. मामानं कर्णा तोंडाला लावला.

"कोण? नाव सांगा."

उत्तर नाही.

धुक्यात नाव ऐकल्याशिवाय आमच्याकडे कुणाला आणत नाहीत. नदीनं आणून टाकलेले किती बेवारस बुडालेले आमच्याच दफनभूमीत आहेत, त्यांना नाव नसतं, म्हणून ते सांगता येत नाही. मामाच्या आजोबांनी एकदा एकाला न विचारता आणलं, तर काठाला लागेपर्यंत माणूस गायब, होडीत नुसतं ओलं फळकूट. हे सगळं त्याला सांगायचं मी साफ विसरले होते.

"मामा, तो माझ्याबरोबरचा आहे. आण त्याला."

"नाव काय त्याचं?"

"माहीत नाही. चार दिवस बरोबर आहोत, पण घाटावरच सांगायचं ठरलं होतं."

"चार दिवस बरोबर होता आणि नाव माहीत नाही? कुठे भेटला?"

"नदीवर. मामा, हात गार असतात त्याचे, पण—"

"रोझी," मामा हळू आवाजात म्हणाला, "तू नक्की कुणाबरोबर आलीस गं?"

पुन्हा घंटा. या वेळी सावकाश, दमल्यासारखी. मी टांग दिली असं समजून तो निघून गेला, तर व्हिएन्नात मी कुणाला शोधू? ना नाव, ना पत्ता. आणि मामा म्हणतो तसा असला, तर? असू दे. मला तोच हवा होता.

मी कर्णा हिसकावला.

"मी रोस्विता. ऐकतोयस? रोस्विता... आता तूही सांग. मला तू हवायस."

मी कर्णा उलटा करून कानाला लावला.

"सेवेरिन," धुक्यातून आलं. "सेवेरिन होल्त्सर. आणि गोळे माझ्याकडून."

मामानं होडी सोडली.

सेवेरिन उतरला तेव्हा कुडकुडत होता.

"मघाशी बोलला का नाहीस?"

"पहिल्यांदा तुलाच सांगायचं होतं... मामाला नाही."

मामासमोरच मी त्याला मिठी मारली. मामानं तोंड फिरवलं.

आणि पलीकडे घंटा वाजली.

"तुझ्याबरोबर कुणी होतं?" मामानं विचारलं.

"नाही. पण सकाळभर मागून सायकलची घंटी येत होती... मला वाटलं, तूच पूल ओलांडून आलीस."

मामानं कर्णा उचलला. "कोण? नाव सांगा."

आम्ही ऐकत उभे राहिलो. कुणी बोललं नाही.

"रोस्विता," सेवेरिन माझ्या कानाशी म्हणाला.

"काय?"

"काही नाही. नाव घेऊन बघतोय."