इंजिनाखाली जवसाचं तेल

"कोण आहे गाडीखाली? आधी बाहेर ये!"

मी पाठीवर पडलेले, टॉर्च दातांत धरलेली. चाकापलीकडे दोन अनवाणी पाय दिसले. त्यातल्या एकावर टूथपेस्टचा थेंब टपकन पडला.

"येते हो," मी टॉर्च काढून म्हटलं. "एवढा मागचा कोपरा बघू दे."

"चोर ते चोर, वर शिरजोर!"

"चोर सकाळी सात वाजता गाडीखाली झोपून गंज शोधत नाहीत."

मी सरपटत बाहेर आले. समोर उंच, सडपातळ माणूस. खांद्यावर टॉवेल, तोंडात ब्रश, आणि माझ्या डोक्यात घालायला उगारलेला... चक्क रंधा! त्याने माझ्या ग्रीसने माखलेल्या बाह्यांकडे पाहिलं आणि रंधा हळूच पाठीमागे लपवला.

"तुम्ही गाडी तपासायला येणार होतात त्या? पण... आठला ना?"

"म्हणूनच सातला आले."

माझं कामच ते. लोक ऑनलाइन जुनी गाडी बघतात, फोटोवर भाळतात. फोटोत काय, प्रत्येक गाडी बोहल्यावर चढायला निघालेली असते! तेव्हा पैसे देण्याआधी शहाणी माणसं मला पाठवतात. विकणारे तासभर आधी इंजिन गरम करून ठेवतात, म्हणजे थंड इंजिनाची कुरकुर ऐकू येत नाही. मी लवकर पोहोचते आणि आधी बॉनेटवर हात ठेवते. गरम लागलं, की अर्धा निकाल तिथेच लागतो.

या गाडीचं बॉनेट दवाने ओलं आणि गारेगार होतं.

स्टेशन वॅगन होती. माझ्या जन्माच्या कितीतरी आधीची, दुधाळ रंगाची, लांबलचक, दोन्ही बाजूंना लाकडी चौकटी. ती घेऊ पाहत होत्या एक निवृत्त मुख्याध्यापिका. लांब दुसऱ्या शहरात राहायच्या. बहिणीला घेऊन गावोगाव भटकायचं, रात्री गाडीतच मागे झोपायचं, असा त्यांचा बेत. "मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही," त्या फोनवर म्हणाल्या होत्या. "तू 'घ्या' म्हणालीस तर घेईन, 'नाही' म्हणालीस तर नाही."

मी कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावरून फिरवू लागले. जिथे गंज खरवडून पुट्टी भरलेली असते, तिथे ते चिकटत नाही, खाली पडतं. तो चहाचे दोन कप घेऊन माझ्या मागे मागे.

"सापडलं काही?"

"सापडेल. प्रत्येक गाडीत काहीतरी असतंच."

"आणि माणसांत?"

"माणसांत त्याहून जास्त. पण माणसं मी तपासत नाही."

"अरेरे," तो म्हणाला, "मी तर दाढी करणार होतो."

मला हसू आलं. कामावर मी हसत नाही, कारण हसलं की समोरचा लगेच एखादा दोष हसण्यावारी नेतो. पण आलं खरं.

इंजिन पहिल्याच किल्लीला सुरू झालं. चुंबक कुठेही पडलं नाही. चौकटी त्याने स्वतः नव्याने बसवल्या होत्या, सांध्यात नख शिरत नव्हतं. तो सुतारकाम करायचा. गाडी वडिलांची, ते गेल्यावर त्यानेच जपलेली.

"मग विकता कशाला, मिस्त्री?"

"समुद्रापलीकडे एक म्हातारा कारागीर आहे. लाकडी होड्या बांधतो. एका वेळी एकच शिष्य घेतो, दोन वर्षांसाठी." तो चौकटीवरून बोट फिरवत राहिला. "एक तारखेला हजर व्हायचंय. गाडी नुसती उभी ठेवली तर कुजेल. चांगल्या हाती गेली, की मी निघालो."

का कोण जाणे, माझा चहा एकदम निवला.

शेवटी मी नोंदणी पुस्तक मागितलं. चासीवरचा नंबर पुस्तकातल्या नंबराशी जुळवल्याशिवाय मी अहवाल देत नाही. त्याने चार खण उघडले, बंद केले. "आईच्या कपाटात असेल. आई बाहेरगावी आहे. गुरुवारी याल?"

गुरुवारी गेले. दार त्याच्या आईनेच उघडलं.

"पुस्तक?" त्या म्हणाल्या. "अगं, ते तर कायम गाडीच्या कप्प्यातच असतं. काय रे?"

मिस्त्रींना एकदम खोकल्याची उबळ आली.

नंबर जुळला. आता अहवाल लिहायचा, तेवढ्यात इंजिनाखाली तेलाचं थारोळं दिसलं. मी बसले, बोट बुडवलं, नाकाशी नेलं. इंजिनातलं जुनं तेल काळं असतं आणि त्याला जळका वास येतो. हे सोनेरी होतं, आणि वास...

जवसाचं तेल! लाकडाला चोळतात ते!

मी मान वर केली. तो आभाळाकडे बघत होता. कानाच्या पाळ्या लालबुंद.

सहा वर्षं मी दोष लपवणारे बघितले. गंजावर रंग फासणारे, किलोमीटरचा काटा मागे फिरवणारे, सगळे. पण धडधाकट गाडीत दोष पेरणारा हा पहिलाच! का पेरलाय, हे न कळायला मी काही कुकुलं बाळ नव्हते. मला भारी आवडलं ते.

"गळती दिसतेय," मी गंभीर चेहऱ्याने म्हटलं. "पुढच्या आठवड्यात परत बघावं लागेल."

"लागेलच," तो म्हणाला. "एवढ्या मोठ्या गळतीला..."

पुढच्या आठवड्यात मागचा दिवा लागेना. बल्ब अर्धा फेरा सैल केलेला. मी तो गुपचूप आवळला आणि "वायरिंग नीट तपासावं लागेल" म्हणाले. मग चाचणीसाठी आम्ही गाडी घेऊन निघालो. भुरभुर पाऊस होता. मी चालवत होते, आणि तो रस्ता सोडून मलाच बघत होता.

"समोर बघा."

"गाडी तुम्ही चालवताय. समोर तुम्ही बघा."

"मग तुम्ही काय करणार?"

"मी... तपासतोय."

"सापडलं काही?"

"नाही ना," तो सुस्कारा टाकून म्हणाला. "तीच तर पंचाईत आहे."

त्या संध्याकाळी मुख्याध्यापिका बाईंचा फोन आला. "अगं, दोन आठवडे झाले की. त्या दुसऱ्या गाडीवाल्याला मी 'नाही' कळवून टाकलं, तुझ्या भरवशावर. बहिणीने तर मागच्या काचांना पडदेसुद्धा शिवलेत. काही गंभीर आहे का?"

 मी काय करत होते? ज्यांना ओ की ठो कळत नाही, त्यांनाच मी झुलवत होते. एक तारखेला पाच दिवस उरले होते. एक शब्द लिहिला, 'नाही', की गाडी विकली जाणार नव्हती आणि तो जाणार नव्हता. कुणाला कधी कळलंही नसतं. आणि खरं सांगायचं तर मला तो हवा होता. खूप हवा होता.

रात्रभर तळमळून सकाळी गेले. अहवाल मी विकणाऱ्यासमोरच लिहिते आणि मोठ्याने वाचून दाखवते. तो रंधा मारत होता, मला बघून थांबला.

"इंजिन उत्तम," मी वाचलं. "पत्रा मूळचा, गंज नाही. लाकूडकाम अव्वल. गाडीत सापडलेले दोष, एकही नाही. पेरलेले दोष, दोन. एक, जवसाचं तेल. दोन, सैल केलेला बल्ब. शिवाय एक न हरवलेलं पुस्तक. शिफारस... घ्या."

तो मटकन स्टुलावर बसला. "तुम्हाला... पहिल्यापासून कळलं होतं?"

"मिस्त्री, इंजिन जवसाचं तेल पीत नाही."

"मग लिहायचं ना, तेल गळतंय म्हणून! मी राहिलो असतो!"

"माहीत आहे."

"तुम्हाला मी राहायला नकोय?"

"हवाय!" माझा आवाज चढला. "मला तुम्ही आवडता. पहिल्या दिवशी रंधा उगारलात ना, तेव्हापासून. पण म्हणून त्या बाईंशी खोटं बोलू? आणि तुमच्याशी? होड्यांबद्दल बोलताना तुमचा चेहरा कसा होतो, ते मी पाहिलंय. मी बांधून ठेवलं असतं, तर दोन वर्षांनी तुम्हीच माझ्याकडे कसं बघितलं असतंत?"

 मी त्याच्यादेखत अहवाल पाठवून दिला. 

शनिवारी बाई आल्या, बहिणीसकट, पडद्यांसकट. दोघींनी गाडीला तीन प्रदक्षिणा घातल्या, मागे झोपून पाहिलं. किल्ली हातात घेताना बाईंनी चष्म्यावरून आधी मला, मग त्याला निरखलं.

"गाडीत काही नाही म्हणालीस, ते पटलं," त्या म्हणाल्या. "पण इथे काहीतरी आहे."

"बाई!"

"चाळीस वर्षं मागच्या बाकावरची पोरं बघितली आहेत मी. चल गं ताई."

वॅगन वळणावरून दिसेनाशी झाली. फाटकात आम्ही दोघंच उरलो. त्याने घसा साफ केला. 

"दोन वर्षं..." तो म्हणाला. "थांबशील?"

पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता.

"थांबेन."

आता तो विचारेल, नक्की का, दोन वर्षं म्हणजे थोडीथोडकी नाहीत, विचार करून सांग... मी उत्तरं तयार ठेवली होती. पण त्याने काही विचारलं नाही. नुसता हसला, अगदी निवांत.

"हे काय?" मी म्हटलं. "खात्री नाही करून घ्यायची?"

"कशाला? एका खोट्या शब्दावर मी इथे राहणार होतो. तुला मी हवा होतो, तरी तो शब्द तू लिहिला नाहीस." त्याने माझ्याकडे सरळ पाहिलं. "तू थांबेन म्हणालीस ना? मग झालं. मी निर्धास्त जातो."

आणि ग्रीसने काळा झालेला माझा हात त्याने हातात घेतला, तो आईने बॅग भरायला हाक मारेपर्यंत सोडला नाही.